पिवळी तार

वृषालीने गाडी दिली तेव्हा एवढंच म्हणाली,
टेप जरा विसरभोळा आहे.
किल्ली काढली की त्याला काही आठवत नाही.
रोज सकाळी त्याचे बारा वाजलेले,
रोज सकाळी स्टेशनं नव्याने शोधायची.
सवय होते, म्हणाली.

मला नाही झाली.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत मी.
हजारो जोड्यांमधून एक मेलेली जोडी
बोटांनी शोधली आहे,
वर तिच्या मालकाच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी टाकली.
वॉचमन सोनटक्के खुर्ची घेऊन आले, सल्लाही घेऊन आले:
"नवीन टाका ना मॅडम, तापकीर गल्लीत
दीड हजारात बसवून देतात."
मी म्हटलं, टॉर्च जरा इकडे धरा.

चौकट सुटली.
डॅशबोर्डच्या पोकळीतून टेप बाहेर आला
तारांचा गुंता मागे ओढत.
आत काहीतरी खुळखुळलं.
सीडीच्या फटीतून चिमट्याने काढलं:
दोन रुपयांचं नाणं.
निषादने टाकलं असणार, चार वर्षांचा असताना,
गाणं विकत घ्यायला.
आता त्याला दाढी आहे, आणि फोन करायला वेळ नाही.
नाणं निर्दोष होतं. खिशात ठेवलं.

काळी तार म्हणजे अर्थ. अर्थ लागला.
लाल तार किल्लीबरोबर उठणारी. उठली.
पिवळी, जिने कधीच झोपायचं नसतं,
गाडी झोपल्यावर जिने घड्याळ राखायचं असतं,
तिला किल्ली काढून मीटर लावला.
शून्य.

वीतभर आत चिकटपट्टी होती, उन्हाने गुळासारखी झालेली.
सोलली.
पिवळी मुळापासून कापून
लालला पिळून बांधलेली. पाच वेढे, एकसारखे.
हेमंतचं काम.
तो सगळंच नीटनेटकं करायचा,
वेगळं होण्याचे कागदसुद्धा.

वृषालीला फोन लावला.
"हो गं, बॅटरी उतरायची रोज.
हा म्हणाला, रात्रभर टेप खातो. म्हणून तोडली.
नवी बॅटरीही टाकली त्याच दिवशी.
मग सकाळी गाडी सुरू व्हायला लागली."
आणि मग काहीच नाही.
लाइनवरची शांतता मला ओळखता येते.
ही तुटलेली नव्हती.

कापलेलं दुसरं टोक खोल आत सापडलं.
बारा पूर्णांक चार व्होल्ट.
चौदा वर्षं हजर, कुणी बोलावलं नाही तरी.
सोल्डर केलं. राळेचा वास बराच वेळ बोटांना होता.

पण मग बॅटरी कोण खात होतं?
मीटर बॅटरीच्या वाटेत बसवला.
टेपचा घास चिमणीएवढा, पाच-सहा मिलिअँपिअर,
आणि एकूण आकडा चारशेच्या वर.
एकेक फ्यूज उपसत गेले.
आतल्या दिव्यांचा काढला तसा आकडा धप्पकन खाली.
सोनटक्के खुर्चीवरून उठले.

मोबाइलवर शूटिंग चालू केलं, तो डिकीत ठेवला,
डिकी लावली, वीस मोजले.
मग दोघांनी पाहिलं:
बंद डिकीत दिवा लख्ख जळतोय
स्टेपनीवर, एका मोडक्या छत्रीवर,
एकाच पायाच्या सँडलवर.
बटण अडकलेलं. दोन थेंब तेल.

सकाळी तळजाईकडून मोर ओरडत होते.
किल्ली फिरवली.
घड्याळात सहा बावन्न.
फोटो काढून वृषालीला पाठवला.
खाली लिहिलं, टेपचा दोष नव्हता.
मग ते पुसलं, आणि नुसताच फोटो पाठवला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं:
चार मिनिटं पुढे आहे.